मैदा नाही, साखर नाही: भरपूर प्रथिनांची खुसखुशीत बिस्किटं घरी कशी करावीत

मैदा, तूप आणि पिठीसाखर डब्यात भरून बेकरीत न्यायची आणि भट्टीतून नानकटाई भाजून आणायची, ही पद्धत महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत वर्षानुवर्षं चालत आली आहे. त्या बिस्किटात काय पडलंय हे घरातल्या लहानग्यालाही ठाऊक असायचं. मधुमेहामुळे, वजनामुळे किंवा व्यायामामुळे ज्यांना कार्ब, म्हणजे कर्बोदकं, मोजून खायचे आहेत, त्यांच्यासाठी ही माहिती फार मोलाची आहे. १०० ग्रॅम ग्लुकोज बिस्किटांत साधारण ७५ ग्रॅम कार्ब आणि जेमतेम ७ ग्रॅम प्रथिनं असतात. ‘डायजेस्टिव्ह’ किंवा ‘मल्टिग्रेन’ लिहिलेल्या पुष्कळ पाकिटांवरही घटकांच्या यादीत पहिलं नाव मैद्याचं किंवा गव्हाच्या पिठाचं असतं आणि साखर त्याच्या मागोमाग येते.

दुसरी बाजू प्रथिनांची. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ६५ किलो वजनाच्या पुरुषाला दिवसाला सुमारे ५४ ग्रॅम आणि ५५ किलोच्या स्त्रीला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिनं लागतात. आपल्याकडचा पोहे, उपमा, पोळी, भात असा दिवस धरला तर हा आकडा गाठताना ओढाताण होते, आणि चारच्या चहाबरोबरची बिस्किटं त्यात काहीच भर घालत नाहीत. पुढे दिलेली सहा खारी बिस्किटं खाल्ली तर १८ ग्रॅमच्या वर प्रथिनं मिळतात आणि पचणारे कार्ब सात ग्रॅमच्या आसपास राहतात.

माझं एक ठाम मत आधीच सांगते: सुरुवात खाऱ्या बिस्किटांनी करा. साखर काढून टाकलेलं गोड बिस्किट नेहमी साखरेच्या बिस्किटाशी तोलून पाहिलं जातं आणि त्या तुलनेत थोडं उणंच पडतं. ओवा, जिरे, मिरी आणि तीळ घातलेल्या खाऱ्या बिस्किटात मुळात साखरेची उणीव भासण्याचा प्रश्न येत नाही. शिवाय त्याला लागणारं जवळजवळ सगळं सामान आपल्या फडताळात असतंच.

मैदा आणि साखर जी कामं करतात ती कुणावर सोपवायची

नेहमीची कृती घेऊन नुसता मैद्याच्या जागी बदाम आणि साखरेच्या जागी स्टीव्हिया हा वनस्पतीपासून मिळणारा गोडवा घातला की बिस्किटं बिघडतात, कारण हे दोन्ही पदार्थ चवीपलीकडे बरंच काम करत असतात. मैद्यातला स्टार्च बिस्किटाचा सांगाडा धरून ठेवतो. साखर ओव्हनमध्ये विरघळते आणि गार होताना पुन्हा घट्ट होते. बिस्किट मोडताना जो ‘कट्‌’ आवाज येतो तो बराचसा तिच्यामुळे. रंग आणि ओव्हनमधलं पसरणं यांतही तिचा मोठा वाटा असतो.

सांगाड्याचं काम आपण अंड्यावर आणि जवसाच्या पुडीवर सोपवतो. अंड्यातली प्रथिनं उष्णतेने घट्ट होतात आणि जवस ओलाव्यात चिकट होऊन कण धरून ठेवतं. कुरकुरीतपणासाठी बिस्किट मंद आचेवर जास्त वेळ ठेवून त्यातलं पाणी काढून टाकावं लागतं. या एका गोष्टीवर सगळा लेख उभा आहे: कमी कार्बचं बिस्किट भाजायचं असतं त्यापेक्षा वाळवायचं जास्त असतं. दाणे आणि बदाम लवकर करपतात, म्हणून १८० अंशांची सवय सोडून १५० वर यायचं आणि वेळ वाढवायचा.

कोणतं पीठ घ्यावं

दाण्याचा कूट हा आपला मुख्य आधार. १०० ग्रॅम दाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिनं असतात, न पचणारे तंतू वजा जाता कार्ब ८ ग्रॅमच्या जवळपास. बदामाच्या पुडीत प्रथिनं थोडी कमी, २० ग्रॅमच्या आसपास, पण चव सौम्य आणि पोत मुलायम, त्यामुळे दाण्यांचा उग्रपणा सावरला जातो. तीळ आणि जवस थोडे थोडेच पडतात, पण तिळाचं काम चवीपुरतं नाही. मेथिओनिन हे अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनांचा एक घटक, दाण्यांत आणि सोयाबीनमध्ये कमी असतं आणि तिळात भरपूर. म्हणून तिन्ही एकत्र आले की प्रथिनांचा दर्जा सुधारतो.

सोयाच्या बाबतीत मात्र जरा थांबून सांगायला हवं. बाजारात मिळणारं सोयाबीनचं पीठ नीट भाजलेलं नसेल तर त्याला कच्चट, शेंगेसारखा वास येतो आणि तो बिस्किटात शेवटपर्यंत जात नाही. त्यापेक्षा भाजीत घालतो त्या कोरड्या सोया वड्या मिक्सरला अगदी बारीक दळून घ्या. या वड्या तेल काढलेल्या सोयापिठापासून उष्णता आणि दाबाखाली तयार होतात, म्हणजे पीठ आधीच शिजलेलं असतं. शंभर ग्रॅममागे ५० ग्रॅमहून थोडी जास्त प्रथिनं आणि चरबी नगण्य. दळलेली पूड बारीक चाळणीने चाळून घ्यायचीच, कारण राहिलेली कणी दाताखाली रेतीसारखी लागते.

नाचणी, ज्वारी, राजगिरा ही धान्यं पौष्टिक आहेत आणि मी ती आनंदाने खाते, पण शंभर ग्रॅममागे त्यांत साधारण ६० ते ७० ग्रॅम कार्ब असतात. नाचणीचं बिस्किट हे चांगलं बिस्किट असेल, कमी कार्बचं नव्हे. गूळ, मध आणि खजूर यांचंही तेच. साखरेऐवजी खजूर घातला म्हणून रक्तातली साखर वाढायची थांबत नाही. बेसन मधल्या पायरीवर येतं: प्रथिनं २२ ग्रॅम, कार्ब ५८ ग्रॅमच्या आसपास. त्याचा उपयोग कसा करायचा ते पुढे सांगते. सुकं खोबरं चवीला छान, पण प्रथिनांसाठी त्याच्यावर विसंबू नका. शंभर ग्रॅममागे सातच ग्रॅम मिळतात.

ओवा-तिळाची खारी बिस्किटं

साहित्य वजनावर मोजा. दाण्याचा कूट दाबून भरला तर एका वाटीत कितीतरी जास्त बसतो आणि सगळा हिशोब चुकतो, म्हणून एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा साधा डिजिटल काटा हवाच.

- सोललेले भाजके शेंगदाणे १०० ग्रॅम
- सोया वड्यांची चाळलेली पूड ५० ग्रॅम
- बदामाची पूड ५० ग्रॅम
- तीळ २० ग्रॅम
- जवसाची पूड १५ ग्रॅम
- थिजलेलं तूप ३० ग्रॅम
- एक अंडं (कवचाशिवाय साधारण ५० ग्रॅम)
- घट्ट, किंचित आंबट दही ३ मोठे चमचे (४५ ग्रॅम)
- मीठ पाऊण चहाचा चमचा, ओवा एक चमचा, जिरे अर्धा चमचा, भरड मिरी अर्धा चमचा
- खाण्याचा सोडा पाव चहाचा चमचा

दाणे भाजणं आणि कूट करणं. दाणे मंद आचेवर भाजा. साल तडतडून सुटायला लागली आणि आतला दाणा फिकट बदामी दिसला की उतरवा. पुढे ओव्हनमध्ये ते पुन्हा भाजले जाणार आहेत, त्यामुळे लाडवासाठी भाजतो तितके खरपूस नकोत. सुरकुतलेला, काळपट किंवा बुरशीचा वास येणारा एकही दाणा ठेवू नका. बुरशीच्या दाण्यांत अफ्लाटॉक्सिन नावाचं विष असू शकतं आणि ते भाजण्याने पूर्ण नष्ट होत नाही.

दाणे पूर्ण गार होऊ द्या. गरम दाणे मिक्सरमध्ये गेले की तेल सुटून कुटाचं लोणी होतं आणि ते बिस्किट तव्यावरच्या घावनासारखं पसरतं. गार झालेले दाणे आणि सोयाची पूड एकत्रच मिक्सरच्या भांड्यात घाला. सुटणारं थोडंफार तेल सोया शोषून घेतं आणि कूट मोकळा राहतो. मिक्सर सलग न चालवता दोन-दोन सेकंदांचे झटके द्या, मधे भांडं हलवून तळाचं वर आणा. बारीक रव्याएवढा कण झाला की थांबा.

मोहन. कूट परातीत काढा, त्यात बदामाची पूड, जवस, तीळ, मीठ, मसाले आणि सोडा घालून हाताने कालवा. ओवा तळहातावर चोळून घाला, स्वाद दुपटीने येतो. आता थिजलेलं तूप बोटांच्या टोकांनी चोळत जा, शंकरपाळ्यांना मोहन चोळतो तसंच. फरक इतकाच की तूप गरम करून ओतायचं नाही. मूठ आवळली की मुटका वळला पाहिजे आणि बोटाने टोचलं की मोडला पाहिजे.

भिजवणं. अंडं आणि दही वेगळ्या वाटीत फेटून घ्या आणि मिश्रणात थोडं थोडं घाला. सगळं एकदम ओतू नका. दही किती घट्ट आहे आणि सोया किती बारीक दळलाय यावर ओलावा ठरतो. गोळा जेमतेम जुळून यायला हवा. सुरुवातीला तो हाताला चिकटेल, आणि इथेच बरेचजण घाबरून आणखी पीठ घालतात. तसं करू नका. झाकून २० मिनिटं बाजूला ठेवा. सोया आणि जवस पाणी सावकाश ओढतात, तेवढ्या वेळात गोळा घट्ट आणि लाटण्याजोगा होतो. उन्हाळ्यात ही २० मिनिटं फ्रीजमध्ये घालवा. या गोळ्यात ग्लूटेन, म्हणजे गव्हाच्या पिठाला ताण देणारं प्रथिन, नाही, तेव्हा मळत बसण्याने काही साधत नाही, उलट तेल सुटतं.

लाटणं आणि कापणं. दोन बटर पेपरांच्या मधे गोळा ठेवून ४ ते ५ मिलिमीटर जाडीचा लाटा. जाडी सगळीकडे सारखी असणं चवीइतकंच महत्त्वाचं, नाहीतर कडा करपतात आणि मधली बिस्किटं मऊ राहतात. वरचा कागद काढून शंकरपाळ्यांच्या कातण्याने चौकोन पाडा. गोल हवी असतील तर छोट्या वाटीने कापा, पण चौकोनात उरलेला तुकडा पुन्हा लाटावा लागत नाही. या मापात साधारण २४ बिस्किटं होतात, प्रत्येकी १५ ग्रॅम गोळ्याची. प्रत्येकाला काट्याने तीन-चार ठिकाणी आरपार टोचा. वाफ त्यातून बाहेर पडते आणि बिस्किट फुगून पोकळ होत नाही. खालच्या कागदासकट सगळं उचलून ट्रेवर ठेवा आणि सुरी फिरवून चौकोन बोटभर नाही, पण दोन-तीन मिलिमीटर तरी एकमेकांपासून दूर करा. ती पसरत नाहीत, पण हवा खेळायला जागा हवी.

भाजणं. ओटीजी (घरगुती विजेचा ओव्हन) १५० अंश सेल्सिअसवर, दोन्ही रॉड चालू ठेवून, १० मिनिटं आधी तापवा. ट्रे मधल्या खाचेत ठेवा. १२ मिनिटांनी ट्रेची पुढची बाजू मागे करा, कारण बहुतेक घरगुती ओव्हन मागच्या बाजूला जास्त तापतात. एकूण २२ ते २५ मिनिटांत कडा सोनेरी आणि मधला भाग फिकट बदामी दिसेल. बिस्किट बोटाने दाबलं तर अजून थोडं मऊ लागेल. ते बरोबर आहे, वेळ वाढवून करपवू नका.

वाळवणं. ओव्हन बंद करा, दारात लाकडी उलथन्याचा दांडा अडकवून ते किंचित उघडं ठेवा आणि बिस्किटं अर्धा तास आतच राहू द्या. मग जाळीवर काढून पूर्ण गार करा. गार झाल्यावर एक मोडून पाहा. मधोमध ओलसर रेघ दिसली तर १२० अंशांवर आणखी १०-१५ मिनिटं ठेवा. बेकरीतले टोस्टही असेच दोनदा ओव्हनमध्ये जातात. पावसाळ्यात ही दुसरी फेरी मी कधीच टाळत नाही.

हिशोब असा: या सगळ्या साहित्यात मिळून सुमारे ७५ ग्रॅम प्रथिनं, तंतू वजा जाता २८ ग्रॅमच्या आसपास कार्ब आणि १,६०० च्या जवळपास कॅलरी. २४ ने भागलं की एका बिस्किटात ३ ग्रॅम प्रथिनं, सव्वा ग्रॅमच्या आत कार्ब आणि ६५ ते ७० कॅलरी येतात. शेवटचा आकडा लक्षात ठेवा. कार्ब कमी म्हणजे कॅलरी कमी असा अर्थ होत नाही. दाणे, बदाम आणि तूप यांची चरबी त्यात आहे, आणि चवीच्या भरात दहा बिस्किटं खाल्ली तर एका जेवणाएवढ्या कॅलरी पोटात जातात.

बदाम महाग वाटत असतील, किंवा कार्बचा नियम फार कडक पाळायचा नसेल, तर ५० ग्रॅम बदामाच्या जागी तेवढंच मंद आचेवर भाजलेलं बेसन घाला आणि तूप ४५ ग्रॅम करा. प्रथिनं तितकीच राहतात, कार्ब बिस्किटामागे दोन ग्रॅमच्या जवळ जातात. पाकिटातल्या बिस्किटापेक्षा तेही पुष्कळच कमी आहेत, आणि खर्च बराच उतरतो. घरातल्या सगळ्यांसाठी मोठा डबा भरायचा असेल तर मी हेच माप सुचवीन.

अंडं चालत नसेल तर आणखी १५ ग्रॅम जवसाची पूड ३ मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवून तो चिकट लगदा वापरा. एक चहाचा चमचा इसबगोलही चालतो, पण जास्त पडला तर बिस्किट वातड होतं. बिनअंड्याची बिस्किटं थोडी अधिक भुसभुशीत होतात, म्हणून ५ मिलिमीटरपेक्षा पातळ लाटू नका.

वेलचीची गोड बिस्किटं

खाऱ्यावर हात बसला की गोडाकडे वळा. इथे दोन नवे पदार्थ येतात, व्हे प्रोटीन आणि साखरेऐवजी वापरायचं एरिथ्रिटॉल, आणि दोघांचे स्वभाव समजून घ्यावे लागतात.

व्हे म्हणजे दूध फाटल्यावर उरणाऱ्या निवळीतली प्रथिनं. व्हेच्या साध्या पावडरीत (कॉन्सन्ट्रेट) शंभर ग्रॅममागे ७५ ते ८० ग्रॅम प्रथिनं असतात. बिनस्वादाचं घ्या. स्वादाच्या डब्यांत गोडवा आधीच घातलेला असतो आणि काहींत माल्टोडेक्स्ट्रिनसारखे कार्बही असतात. लेबल वाचल्याशिवाय घेऊ नका. प्रथिनं वाढवायच्या हौसेने व्हे जास्त घालायचा मोह होतो, पण तापल्यावर ते आकसतं आणि बिस्किट कोरडं, रबरासारखं होतं. कोरड्या पिठाच्या पाचव्या हिश्शापेक्षा ते जास्त नको.

एरिथ्रिटॉलचा गोडवा साखरेच्या सुमारे ७० टक्के. त्याचा रक्तातल्या साखरेवर जवळजवळ परिणाम होत नाही, आणि गार झाल्यावर ते पुन्हा घट्ट होत असल्याने बिस्किटाला कुरकुरीतपणाही देतं, जो नुसत्या स्टीव्हियाने येत नाही. जाडसर दाणे तसेच घातले तर जिभेला थंडगार लागतं, म्हणून मिक्सरमध्ये पिठीसाखरेसारखं दळून घ्या. पाकिटावर माल्टिटॉल हा दुसरा गोडवा लिहिलेला असेल तर सावध, त्याने रक्तातली साखर बऱ्यापैकी वाढते. ‘शुगर फ्री’ मिठाई आणि चॉकलेटांत ते सर्रास असतं. झायलिटॉल हा गोडवा घरात कुत्रा असेल तर आणूच नका, कुत्र्यांना ते जीवघेणं ठरतं.

गोडव्याच्या या पर्यायांबद्दल एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. २०२३ साली ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात रक्तातलं एरिथ्रिटॉलचं जास्त प्रमाण आणि हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांचा संबंध दिसला होता. एकामुळेच दुसरं होतं असं त्यातून सिद्ध होत नाही, पण रोज वाटीभर खाण्याचा हा पदार्थ नाही एवढं नक्की. गोड बिस्किटं सणवारी आणि अधूनमधून, खारी रोजची, अशी विभागणी मला पटते.

साहित्य:

- सोललेल्या बदामांची पूड १५० ग्रॅम
- बिनस्वादाचं व्हे ३० ग्रॅम
- मऊ झालेलं बिनमिठाचं बटर ४० ग्रॅम
- दळलेलं एरिथ्रिटॉल ४५ ग्रॅम
- एका अंड्याचा पांढरा भाग
- वेलचीपूड अर्धा चमचा, थोडं जायफळ, चिमूटभर मीठ
- बेकिंग पावडर अर्धा चहाचा चमचा

बदाम घरी सोलायचे तर उकळत्या पाण्यात दोन मिनिटं ठेवून सालं काढा आणि रात्रभर पंख्याखाली कापडावर पसरा. वरून कोरडे वाटले तरी आत ओल असते, म्हणून दळण्याआधी १०० अंशांवर १५ मिनिटं ओव्हनमध्ये ठेवून पूर्ण गार करा. ओल्या बदामांची पूड न होता गोळे होतात.

बटर आणि एरिथ्रिटॉल फेटून हलकं, फिकट करा. त्यात पांढरा भाग घालून पुन्हा फेटा. मिश्रण फाटल्यासारखं दिसलं तरी चालेल, पीठ पडल्यावर सारखं होतं. बदाम, व्हे, वेलची, जायफळ, मीठ आणि बेकिंग पावडर एकत्र चाळून त्यात मिसळा, हलक्या हाताने. गोळा फ्रीजमध्ये अर्धा तास ठेवा. मग १५ ग्रॅमचे वीस पेढे वळून ट्रेवर ठेवा आणि ग्लासच्या बुडाने चपटे करा. ही बिस्किटं आपणहून पसरत नाहीत, जो आकार द्याल तोच राहतो.

१५५ ते १६० अंशांवर १२ ते १४ मिनिटं पुरतात. व्हेमधली दुधाची साखर आणि प्रथिनं भराभर रंग धरतात, तेव्हा दहाव्या मिनिटापासून ओव्हनसमोरून हलू नका. कडांवर सोनेरी रेघ आली की बाहेर काढा, मधला भाग पांढुरकाच असेल. त्या क्षणी बिस्किट उचललं तर हातात चुरा येईल. ट्रेवरच १५ मिनिटं ठेवा, मग जाळीवर. एरिथ्रिटॉल घट्ट व्हायला आणि खुसखुशीतपणा यायला तासभर लागतो. एका बिस्किटात साधारण पावणेतीन ग्रॅम प्रथिनं, ग्रॅमभराच्या आत कार्ब आणि ६५ कॅलरी पडतात.

ओव्हन नसेल तर

जाड बुडाची जुनी लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची कढई घ्या. नॉनस्टिक कढई रिकामी तापवायची नाही, तिच्या थरातून घातक धूर निघतो. तळाशी दोन वाट्या जाडं मीठ पसरा, त्यावर तारेची तिवई ठेवा, घट्ट झाकण लावून मध्यम आचेवर १० मिनिटं तापू द्या. बिस्किटांची ताटली थेट तिवईवर न ठेवता खाली आणखी एक रिकामी ताटली ठेवा, म्हणजे बूड करपत नाही. आच अगदी मंद करा. खाऱ्या बिस्किटांना ३० मिनिटं लागतात. झाकणाच्या आत वाफेचं पाणी जमतं ते १५ मिनिटांनी एकदा कापडाने पुसून घ्या, नाहीतर बिस्किटांवर टपकतं. वरून रंग कमीच येतो, म्हणून खालची बाजू सोनेरी झाली की उलटवून पाच मिनिटं द्या. मीठ खायला वापरू नका, पण पुढच्या खेपेसाठी डब्यात भरून ठेवता येतं.

एअर फ्रायरमध्ये १४० अंशांवर खारी बिस्किटं १२ ते १४ मिनिटांत होतात. कागदाच्या कडा बिस्किटांखाली दाबलेल्या हव्यात, पंख्याच्या वाऱ्याने कागद उडून वरच्या कॉइलला लागू शकतो. मायक्रोवेव्हचा कन्व्हेक्शन मोड चालतो, नुसता मायक्रोवेव्ह नाही.

ओटीजीवरची तापमानाची खूण बऱ्याचदा खरी नसते. आत ठेवायचा थर्मामीटर फार महाग नसतो, आणि १५० लावल्यावर आत १७५ आहे हे एकदा कळलं की पुढची सगळी बिस्किटं सुधारतात.

बिघडलं तर कारण शोधा

बिस्किट हातात घेताच भुगा होत असेल तर ते गार होण्याआधी हलवलं गेलं असेल, किंवा जवस भरड दळलेलं असेल. जवस पिठासारखं बारीक असेल तरच चिकटपणा देतं. ट्रेवर तेलाचं डबकं झालं असेल तर कूट जास्त फिरवला गेला किंवा दाणे गरम होते. बाहेरून करकरीत आणि आत मऊ असेल तर तापमान जास्त आणि वेळ कमी झाला, पुढच्या वेळी दहा अंश उतरवून सहा-सात मिनिटं वाढवा. दगडासारखं कडक झालं तर सोया किंवा व्हे मापापेक्षा जास्त पडलं.

दाण्यांची ॲलर्जी असलेल्यांसाठी पुष्कळजण सूर्यफुलाच्या बिया वापरतात आणि मग बिस्किट आतून हिरवं झालेलं पाहून दचकतात. त्या बियांत क्लोरोजेनिक आम्ल असतं आणि सोड्याशी त्याची प्रक्रिया झाली की हिरवा रंग येतो. खायला त्यात काही अपाय नाही. रंग नको असेल तर सोडा वगळून दोन चमचे लिंबाचा रस घाला. भोपळ्याच्या बिया हा त्याहून सरस पर्याय आहे. शंभर ग्रॅममागे ३० ग्रॅमच्या जवळ प्रथिनं, आणि चवही गोडसर.

कुणी जपून खावीत

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असलेल्यांनी अचानक कार्ब कमी केले तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. नाश्ता बदलण्याआधी औषधाच्या मात्रेबद्दल डॉक्टरांशी बोला. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं किती खायची हे डॉक्टरच ठरवतील. शाळेच्या डब्यात दाणे-बदामाची बिस्किटं देताना डबा वाटून खाणाऱ्या मुलांचा विचार करा, आणि देण्याआधी वर्गात कुणाला ॲलर्जी आहे का ते विचारून घ्या.

टिकवणं

या बिस्किटांचे शत्रू दोन, दमट हवा आणि खवटपणा. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरली तर आतल्या वाफेनेच ती सादळतात. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या किंवा काचेच्या डब्यात आठवडाभर छान राहतात. कोकणात किंवा मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये मात्र चार दिवसांच्या हिशोबाने करा. सादळली तर टाकू नका, १२० अंशांवर आठ-दहा मिनिटं ठेवून गार केली की पुन्हा कुरकुरीत होतात. दाणे, बदाम आणि जवस यांचं तेल उन्हात आणि उष्णतेत लवकर खवट होतं, त्यामुळे डबा गॅसजवळच्या फळीवर नको. जवस तर लागेल तेवढंच ताजं दळा.

एकदम पुष्कळ बिस्किटं भाजण्यापेक्षा गोळा साठवणं सोयीचं पडतं. खाऱ्या बिस्किटांच्या गोळ्याचा हातभर नाही, वीतभर लांबीचा गुळगुळीत रोल वळा, बटर पेपरमध्ये गुंडाळून डब्यात घाला आणि फ्रीझरमध्ये ठेवा. महिनाभर चांगला राहतो. हवा तेव्हा काढून दहा मिनिटं बाहेर ठेवा, धारदार सुरीने ५ मिलिमीटरच्या चकत्या कापा, काट्याने टोचा आणि थेट ओव्हनमध्ये घाला. गोळा गार असल्याने भाजायला तीन-चार मिनिटं जास्त द्यावी लागतात.